ऑटोमॅटिक गिअर का घसरतो?

दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत दापोली तालुक्यात ऑटोमॅटिक गाडी म्हणजे मुंबई-पुण्याच्या पाहुण्याची गाडी, असा सरळ हिशेब होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ बाजारात आणली आणि तो हिशेब बिघडला. नेहमीच्याच गिअरबॉक्सला क्लच दाबणारं आणि गिअर बदलणारं यंत्र जोडून, म्हणजे एएमटी बसवून, कंपनीने ऑटोमॅटिकची किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. पाठोपाठ इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. आता शनिवारी संध्याकाळी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव भरात असताना रस्त्यावर जी रांग लागते, तिच्यात क्लचचं पेडल नसलेल्या गाड्या भरपूर दिसतात, आणि त्या सगळ्याच काही पाहुण्यांच्या नसतात. गाड्या आल्या तशी तक्रारही आली: गिअर घसरतो. इंजिन नुसतं ओरडतं, आरपीएमचा काटा वर जातो, गाडी मात्र अंग हलवत नाही. या तक्रारीवर गॅरेजात साधारण दोन उत्तरं मिळतात. 'चालतेय ना, चालवा' हे एक आणि 'अख्खा बॉक्स बदलावा लागेल' हे दुसरं. ही दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा चुकीची असतात. घसरणं हा सहसा दाते तुटल्याचा आजार नाही. तो तेलाचा, दाबाचा आणि उष्णतेचा आजार आहे, तो हळूहळू वाढतो, आणि सुरुवातीला पकडला तर बऱ्याचदा थोडक्यात आटोपतो. कोकणातल्या वापराने तो लवकर जडतो, ही त्यातली दुसरी गोष्ट. तिच्याकडे कंपन्या, विक्रेते आणि मालक असे तिघेही काणाडोळा करतात.

आधी घसरणं कशाला म्हणायचं ते ठरवायला हवं, कारण गॅरेजात येणाऱ्या तक्रारींत घसरणं नसलेल्याही पुष्कळ असतात. चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गाडी एक-दोन गिअर खाली उतरते आणि काटा उसळतो. पण त्याबरोबर वेगही वाढतो. हे यंत्राने आपलं काम करणं झालं. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी जातीच्या गाडीत इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, तो तिचा स्वभावच आहे. एएमटी गाडी गिअर बदलताना क्षणभर दम खाते, मान पुढे जाते, तेही घसरणं नव्हे. खरं घसरणं ओळखायची खूण एकच: गिअर तोच, पायाचा दाब तोच, काटा मात्र वर आणि वेग जिथल्या तिथे. तिच्या जोडीला आणखी दोन खुणा येतात. सकाळी थंड गाडी डी किंवा आरमध्ये टाकल्यावर ती लगेच न पकडता दोन-तीन सेकंदांनी झटका देऊन पकडते. आणि चढ चढून आल्यावर बॉनेटखालून जळकट वास येतो. या तीनपैकी दोन खुणा जरी एकत्र दिसल्या तरी 'चालतेय ना' म्हणायची वेळ टळलेली असते.

आता यंत्राकडे. आपण ज्याला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो त्या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं आहेत (टॉर्क कन्व्हर्टर, एएमटी, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच) आणि ती चार वेगळ्या कारणांनी घसरतात. निम्मा गोंधळ इथेच होतो. सगळ्यांत जुनं आणि दणकट म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचं. इनोव्हा, स्कॉर्पिओ-एन, एर्टिगा, ब्रेझा अशा गाड्यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत ते असतं. या कन्व्हर्टरचा जन्म मोटारीसाठी झालाच नव्हता. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने श्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात असताना, वाफेच्या टर्बाइनची ताकद जहाजाच्या पंख्याला कशी पोचवावी या प्रश्नाचं उत्तर म्हणून तो शोधला आणि १९०५ मध्ये पेटंट घेतलं. मोटारीत तो यायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९३९ च्या शेवटी आली तेव्हा तिच्यात नुसतं तेलाचं कपलिंग होतं, आणि टॉर्क कन्व्हर्टर असलेली ब्युइकची डायनाफ्लो आली १९४८ मध्ये. बंदराच्या गावाला म्हणून ही कुळकथा सांगितली, एरवी ती सोडून दिली असती. कामाचा मुद्दा असा की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेल आहे, आणि गिअर पकडण्याचं कामही तेलाच्याच दाबाने होतं. ट्रॉलरच्या हायड्रॉलिक मरीन गिअरमध्येही हेच तत्त्व असतं: तेलाचा दाब पडला की प्लेटा आवळत नाहीत आणि इंजिन कितीही रेटलं तरी पंखा जोर धरत नाही. तिथे कोणी एकदम गिअर खोलायला घेत नाही, आधी तेल आणि दाबाचा काटा बघतात. मोटारीत मात्र हा क्रम उलटा होतो.

मोटारीच्या बॉक्समध्येही अशाच प्लेटा असतात आणि त्या जरा जवळून पाहण्यासारख्या आहेत, कारण सगळं रामायण तिथेच घडतं. एका डब्यात एकाआड एक अशा दोन प्रकारच्या चकत्या रचलेल्या असतात. एक साधी पोलादी, गुळगुळीत. दुसरी पोलादाचीच, पण तिच्या दोन्ही अंगांना रेझिनमध्ये भिजवून भाजलेल्या, कागदासारख्या तंतूंचा थर चिकटवलेला. हा थर मिलिमीटरभर जाडीचाही नसतो. त्यावर बारीक खाचा कोरलेल्या असतात, त्यांतून तेल वाहतं आणि उष्णता घेऊन जातं. मागून एक पिस्टन तेलाच्या दाबाने हा ढीग आवळतो आणि मग दीड टनाची गाडी त्या कागदी थरांच्या पकडीवर चढ चढते. दाब पुरेसा असेल तर चकत्या पळभरात एकजीव होतात आणि थर झिजतच नाही म्हटलं तरी चालेल. दाब थोडा कमी पडला की त्या एकमेकींवर घासतात, घासल्या की तापतात, तापल्या की थर काळा पडून चकाकायला लागतो, आणि चकाकणारा थर आणखी कमी पकडतो. सुटलेली काजळी तेलात मिसळून फिल्टर आणि तेल वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या केसाएवढ्या वाटा बुजवते, त्यामुळे दाब आणखी उतरतो. घसरण्यातूनच पुढचं घसरणं निपजतं. म्हणूनच 'अजून थोडे दिवस' हा सल्ला महाग पडतो.

दाब का उतरतो, याची कारणं वारंवारतेच्या आणि खर्चाच्या क्रमाने लावली तर चित्र बरंच दिलासा देणारं दिसतं. पहिलं कारण तेल कमी असणं. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही. कमी झालं याचा अर्थ कुठेतरी गळतंय. ॲक्सलच्या सीलमधून, पॅनच्या गॅस्केटमधून किंवा कूलरकडे जाणाऱ्या नळीतून. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पॅन आणि नळ्यांना गंज लवकर लागतो, हे हर्ण्यात कोणाला समजावून सांगायला नको. दुसरं कारण चुकीचं तेल. प्रत्येक बॉक्सला त्याच्या कंपनीने नेमून दिलेलं तेलच लागतं. लाल रंग एवढं साम्य पुरत नाही, आणि सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं तेल) ओतणं तर सरळ घात आहे. तेल जास्त झालं तरी फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. तिसरं कारण जुनं, जळलेलं तेल आणि तुंबलेला फिल्टर. चौथं सोलेनॉइड, सेन्सर, वायरिंग आणि व्हॉल्व्ह बॉडी. खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवट किटण चढलं तरी संगणकाला चुकीचा निरोप जातो. कडक झालेले सील, झिजलेला पंप आणि जळालेल्या प्लेटा यांचा नंबर त्यानंतर. पहिली चार कारणं अख्खा बॉक्स न उतरवता तपासता येतात. तरी निदानाची सुरुवात शेवटच्या कारणापासून होते, कारण तपासायला वेळ, स्कॅनर आणि माहिती लागते, आणि असेंब्ली बदलायला फक्त गिऱ्हाइकाचे पैसे.

उष्णता हा यातला खरा सूत्रधार. गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने काम करतं. त्यापुढे दर दहा-बारा अंशांना त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम तेलवाले मानतात. १२० च्या पुढे तेलाचा चिकट थर धातूवर बसायला लागतो, आणखी वर गेलं की रबरी सील कडक होतात. आता एक साधा हिशेब करून पाहू. किनाऱ्याच्या वाळूत गाडी रुतली आहे, चाकं अडकली आहेत, आणि चालक डीमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरतो. चाकं फिरत नाहीत तोवर इंजिनाची सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं तेल तापवण्यात जाते. समजा ४० किलोवॅट ताकद लागली आणि आत पाच किलोच्या आसपास तेल आहे, तर धातू जेवढी उष्णता शोषून घेईल ती वजा जाताही तेलाचं तापमान सेकंदाला तीन अंशांच्या आसपास वाढतं. वीस सेकंदांत साठ अंश. ९० वरचं तेल १५० ला पोचायला एवढं पुरतं. त्यात डी-आर, डी-आर करून गाडी झुलवायला सुरुवात केली की प्लेटांचीही वाट लागते. मुरूड, कर्दे, हर्णे, लाडघर या किनाऱ्यांवर गाड्या रुतण्याच्या आणि ट्रॅक्टरने ओढून काढण्याच्या बातम्या दर सुट्टीत येतात. वाळूवर गाडी घालू नये हे सांगायला पर्यावरणाचं कारण पुरेसं आहे, पण ते ज्यांना पटत नाही त्यांनी निदान हा हिशेब ध्यानात घ्यावा.

वाळू हा अपवाद धरला तरी रोजचा रस्ता काय कमी आहे? पुण्याहून हर्ण्याला यायचं तर ताम्हिणी किंवा वरंधा, महाबळेश्वराकडून आंबेनळी, कराडकडून कुंभार्ली. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवर, आणि तिथून आसूदमार्गे हर्ण्याला उतरलेला रस्ता परतताना तेवढाच चढायचा. त्यात माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी, एसी चालू, पुढे वाळूचा ट्रक किंवा एसटी, ओव्हरटेकला जागा नाही. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, जास्त जोराने. रेडिएटरला वारा कमी आणि तेलाला ताप जास्त. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत देखभालीचे दोन तक्ते असतात: एक सर्वसाधारण वापराचा, दुसरा खडतर वापराचा. खडतर म्हणजे काय हे तिथेच सांगितलेलं असतं: डोंगराळ रस्ते, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, जास्त तापमान, धूळ-चिखल, खारी हवा. ही यादी हर्ण्याच्या गाडीचं वर्णन म्हणून वाचली तरी चालेल. तरीही सर्व्हिसिंगच्या वेळी वापरला जातो तो पहिला तक्ता.

पुराचा विषय वेगळा काढायला हवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या. इंजिनात पाणी गेलं की ते लगेच कळतं. गिअरबॉक्समध्ये गेलेलं मात्र महिन्या-दोन महिन्यांनी बोलतं. बॉक्सला हवा घेण्यासाठी वर एक बारीक नळी असते. गरम बॉक्स एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढलं जातं. प्लेटांवरचा कागदी थर ज्या डिंकाने चिकटवलेला असतो, तो पाण्याने सुटतो. मग थर सोलून तेलात तरंगायला लागतो आणि गिअर घसरतो. रेडिएटरमधला कूलर आतून कुजून कूलंट तेलात मिसळला तरी हेच होतं. तेल गुलाबी दुधासारखं दिसायला लागतं. असं तेल दिसलं तर नुसतं बदलून भागेलच याची खात्री कोणी देऊ नये. पाण्यात बुडालेली गाडी सुरू न करता उचलून नेणं, तेल पूर्ण काढून टाकणं, आणि जुनी गाडी विकत घेताना ती पूरग्रस्त भागातली आहे का याची चौकशी करणं, एवढंच हातात असतं.

उरलेल्या तीन जातींपैकी एएमटीबद्दल सर्वांत जास्त बोलायला हवं, कारण रत्नागिरी जिल्ह्यात तिचीच संख्या मोठी आणि गैरसमजही तिच्याबद्दलच जास्त. एएमटी म्हणजे मॅन्युअल गाडीच. फरक इतकाच की क्लच तुमच्या पायाऐवजी संगणकाच्या हुकमाने एक ॲक्च्युएटर दाबतो. क्लच प्लेट कोरडी, एकच. चढावर रांगेत थांबताना ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं म्हणजे ती प्लेट सतत अर्धवट घासत ठेवणं. मॅन्युअल गाडीत कोणी असं केलं तर शेजारी बसलेला माणूस ओरडतो; एएमटीत पेडलच नसल्यामुळे कोणाला काही दिसत नाही. अशा गाडीचा गिअर घसरला तर तो जवळजवळ नेहमी झिजलेला क्लच असतो. क्लच सेट बदलला आणि स्कॅनर लावून संगणकाला नव्या प्लेटेची पकड शिकवली की काम होतं. ही दुसरी पायरी गाळली तर नवा क्लचही झटके देतो आणि 'पार्टच खराब निघाला' असं ठरतं. कमजोर बॅटरीमुळेही एएमटी गिअर घ्यायला कुरकुरते, तेव्हा क्लचवर हात टाकण्याआधी बॅटरी आणि अर्थिंगची तार तपासायला काही बिघडत नाही. घाटात मॅन्युअल मोडवर पहिला किंवा दुसरा गिअर बांधून ठेवावा आणि थांबलं की हँडब्रेक ओढावा, एवढ्या सवयीने क्लचचं आयुष्य पुष्कळ वाढतं.

सीव्हीटीत ठराविक गिअरच नसतात; दोन पुल्यांमध्ये पट्टा धावतो आणि पुल्या उघडतात-मिटतात. डाफ या डच कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्याची अशी गाडी काढली. आजचा पट्टा शेकडो पातळ पोलादी तुकडे ओवून केलेला असतो. पुल्या त्याला तेलाच्या दाबानेच चिमटीत धरतात. इथे घसरणं म्हणजे पोलादावर पोलाद घासणं, आणि पुलीवर एकदा ओरखडे उठले की ते मिटत नाहीत. म्हणून सीव्हीटीवाल्याने तेलाच्या बाबतीत सर्वांत कडक असावं. ड्युअल क्लचच्या, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने पकडणाऱ्या, गाड्यांची कथा सार्वजनिक नोंदींत आहे. फोक्सवॅगनने सात गिअरच्या कोरड्या ड्युअल क्लच बॉक्सच्या तक्रारींमुळे २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभरातल्या १६ लाख गाड्यांमधलं त्या बॉक्सचं कृत्रिम तेल बदलून खनिज तेल भरायचं ठरलं, कारण उष्ण-दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक यांत ते तेल विजेचा बिघाड घडवू शकत होतं. उष्ण-दमट हवा आणि रखडती वाहतूक म्हणजे आपलीच हवा आणि आपलाच रस्ता, हे वेगळं सांगायला नको. फोर्डच्या पॉवरशिफ्ट बॉक्सबद्दलच्या तक्रारी ज्या रीतीने हाताळल्या गेल्या त्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. पॉवरशिफ्ट आपल्याकडे इकोस्पोर्ट आणि फिगोमध्ये होता, आणि फोर्डने इथलं उत्पादन बंद करण्याचं २०२१ मध्येच जाहीर केलं. वापरलेली गाडी घेणाऱ्याने हे जमेस धरलेलं बरं.

इथवरच्या प्रतिपादनावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की कंपनीच सांगते तेल आयुष्यभराचं आहे, मग बदलायचं कशाला? 'आयुष्यभर' म्हणजे कोणाचं आयुष्य, हा प्रश्न विचारला की उत्तर धूसर होतं. वॉरंटी पार पडेपर्यंत गाडी चालावी आणि देखभालीचा खर्च कागदावर कमी दिसावा, एवढ्यापुरतं ते वाक्य खरं असू शकतं. पण ज्या जर्मन झेडएफ कंपनीचे बॉक्स महागड्या मोटारींत बसवलेले असतात आणि ज्या मोटारींचे विक्रेते तेल आयुष्यभराचं म्हणतात, ती झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला असं सांगते. बॉक्स बनवणारा एक म्हणतो आणि मोटार विकणारा दुसरं, तेव्हा बनवणाऱ्याचं ऐकावं. घाटातल्या वापराला तर ४० ते ६० हजार किलोमीटरचा टप्पा मी फार लवकरचा मानणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो अनुभवातून येतो. 'तेल बदललं आणि दुसऱ्याच आठवड्यात गिअर घसरायला लागला' हे पुष्कळ मेकॅनिक सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. लाख-सव्वा लाख किलोमीटर तेल न बदललेल्या बॉक्समध्ये प्लेटांचा थर निम्मा झिजून तेलात उतरलेला असतो, आणि त्या गाळामुळेच उरलेल्या थराला थोडी पकड मिळत राहते असं मानतात. नवं, स्वच्छ करणारं तेल आलं की तो आधार जातो. वर यंत्राने जोर लावून फ्लश केलं असेल तर सुटलेला गाळ व्हॉल्व्हमध्ये अडकतो. पण यावरून 'तेल बदलूच नये' असा निष्कर्ष काढणं म्हणजे मरणाचा दोष डॉक्टरच्या शेवटच्या भेटीला देणं. तो बॉक्स आधीच गेलेला होता. यातून निघणारा धडा वेगळा आहे: तेल वेळेवर बदला, आणि उशीर झालाच असेल तर जोराचं फ्लशिंग टाळून नुसतं काढा-भरा करा. एका वेळेला निम्म्याच्या आसपासच तेल निघतं, कारण बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. म्हणून थोड्या-थोड्या अंतराने दोन-तीनदा करावं. जळका वास आणि घसरणं दोन्ही आधीच सुरू असेल, तर तेल बदलून गाडी सुधारेलच असं वचन मेकॅनिकने देऊ नये आणि गिऱ्हाइकाने मागू नये. घसरणं थांबवण्याच्या नावाखाली बाटलीत मिळणारी औषधं सील तात्पुरते फुगवतात, जळालेला थर काही परत आणत नाहीत.

तिसरा आक्षेप कोकणी थाटाचा: ऑटोमॅटिक आपल्याकडची नव्हेच, मॅन्युअल घ्या आणि सुखी राहा. कोरड्या क्लचच्या स्वस्त गाड्यांपुरतं त्यात तथ्य आहे. पण गुडघे दुखणारी, पाय अधू असलेली, पन्नाशीनंतर गाडी शिकलेली माणसं ऑटोमॅटिकमुळेच स्वतः दवाखान्यात आणि बाजारात जाऊ शकतात. त्यांना हा सल्ला देणं सोपं आहे, योग्य नाही. शिवाय टॉर्क कन्व्हर्टरचा बॉक्स चढावर कोरड्या क्लचपेक्षा सोशिक असतो, कारण झीज सोसायला त्याच्यात तेल असतं. ज्याला घाट रोजचा आहे त्याने ऑटोमॅटिक टाळण्यापेक्षा कोणती घ्यायची हे बघावं, आणि शोरूममध्ये एएमटी, सीव्हीटी, ड्युअल क्लच की कन्व्हर्टर हे नाव विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घाटात गिअर घसरायलाच लागला तर? पाय काढावा, सुरक्षित कडेला घ्यावी, पीमध्ये टाकून इंजिन पाच-दहा मिनिटं तसंच चालू ठेवावं. पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे तेल कूलरमधून फिरत राहून थंड होतं. तेल गळताना दिसलं किंवा इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला असेल तर मात्र लगेच बंद करावं. एएमटीला हा नियम नाही, तिचा क्लच नुसता थांबूनच निवतो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून हळू चालत असेल तर संगणकाने ती जपण्यासाठी तसं केलेलं असतं. इग्निशन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून तिला फसवू नये. आणि दोरी बांधून ओढणं पूर्ण वर्ज्य. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आतल्या भागांना तेल नाही. हर्ण्याहून खेडपर्यंत अशी ओढलेली गाडी किरकोळ दुखणं घेऊन निघते आणि मेलेला बॉक्स घेऊन पोचते. इंजिनाने फिरणारी चाकं उचलून, आणि चारही चाकं इंजिनाने फिरत असतील तर अख्खी गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी.

गॅरेजात गेल्यावर क्रम सोडू देऊ नका. आधी स्कॅनर. पी ०७०० हा कोड नुसता 'गिअरबॉक्सच्या संगणकाकडे तक्रार आहे' एवढंच सांगतो. खरी माहिती त्याच्या सोबतच्या कोडमध्ये असते. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच पकडत नाही, पी ०८६८ म्हणजे दाब कमी, पी ०८९४ म्हणजे आतला भाग घसरतोय. मग तेल. डिपस्टिक असेल तर गाडी सपाटीवर, गरम, इंजिन चालू ठेवून सगळ्या गिअरांतून फिरवून पातळी बघायची; नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे तेल ठराविक तापमानाला आणून खालचा प्लग उघडून तपासावं लागतं, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडे गाडी न दिलेली बरी. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा. लालसर आणि पारदर्शक असला तर उत्तम. तपकिरी आणि जळकट वासाचा असला तर उष्णतेने गेलाय. काळे तंतू दिसले तर प्लेटा. दुधाळ दिसला तर पाणी. पॅन उघडल्यावर चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप असणं स्वाभाविक आहे, चमकणारे तुकडे असणं नाही. इथवर कारण सापडलं नाही तर सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी, आणि त्यानंतरच बॉक्स उतरवण्याची भाषा. उतरवलाच तर कन्व्हर्टर आणि कूलरही साफ किंवा नवे झाले पाहिजेत, नाहीतर जुना गाळ नव्या प्लेटांना सहा महिन्यांत खातो. असं नीट काम करणारे कारागीर अजून बहुतेक मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. बॉक्स तिकडे पाठवावा लागला तरी चालेल, पण काढलेले भाग परत मागून घ्यावेत.

पैशाची बाजू थोडक्यात. साध्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. पुरासाठी इंजिन आणि गिअरबॉक्सचं जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि पावसाळ्यात खाडीकाठी गाडी उभी करणाऱ्याने ते घेतलेलं बरं. वॉरंटीत असताना पहिला झटका जाणवला की लेखी तक्रार नोंदवावी, कारण 'तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत' हे उत्तर मुदत संपल्यावर मिळतं. सेवेतली त्रुटी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. या सगळ्या ठिकाणी एकच गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे कागद. तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा जॉबकार्डावर 'घाटातला वापर' असं लिहून घ्या, गिअरबॉक्सचं तेल बदललं असेल तर त्याचं पूर्ण नाव, लिटर आणि किलोमीटर बिलावर मागा, आणि ते बिल गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.